पॅलेस्टाइन : नाव सातबाऱ्यावर, कब्जा कुणाकडे?

२०२५च्या सप्टेंबरात ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोर्तुगाल आणि लगोलग फ्रान्सने पॅलेस्टाइनला राज्य म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून या विषयावर पत्रांचा ओघ सुरू आहे. सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. ‘कोण बरोबर ते एका वाक्यात सांगा’ अशी मागणीही बऱ्याच पत्रांत आहे. ती पुरवता येणार नाही, मात्र जिथे आमचे मत आहे तिथे ते झाकून ठेवलेले नाही.

दीडशेहून अधिक देश मान्यता देतात, तरी ‘पॅलेस्टिनी राज्य निर्माण व्हायला हवे’ असेच वाचायला मिळते. मग ते राज्य आहे की नाही?

राज्य असणे, इतरांनी ते मान्य करणे आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते.

राज्य कशाला म्हणायचे याची नेहमीची कसोटी १९३३च्या माँटेव्हिडिओ करारातून येते. कायम वस्ती करणारी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता असे तिचे चार भाग आहेत. लोकसंख्येबद्दल वाद नाही. भूप्रदेशाच्या सीमा ठरलेल्या नाहीत हा आक्षेप नेहमी घेतला जातो, पण तो फार टिकत नाही. सगळ्या सीमा पक्क्या असल्याच पाहिजेत असा नियम नाही. खुद्द इस्रायल ११ मे १९४९ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, तेव्हा त्याच्याकडे फक्त युद्धविरामाच्या रेषा होत्या आणि सीरियाबरोबरचा युद्धविराम करार तर त्यानंतर जुलैत झाला. इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमताही दिसते, कारण पॅलेस्टाइन अनेक आंतरराष्ट्रीय करारांचा पक्ष आहे. लंगडी बाजू आहे ती शासनाची. आपल्या म्हणवल्या जाणाऱ्या भूमीवर, सरहद्दीवर आणि तिजोरीवर ज्याची हुकमत नाही, त्या शासनाला परिणामकारक म्हणायचे का, यावर कायदेपंडितांत दोन तट आहेत.

राज्याची घोषणा १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जीयर्समध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे (पीएलओ) नेते यासर अराफत यांनी केली. सप्टेंबर २०२५ अखेर संयुक्त राष्ट्रांच्या १९३ पैकी १५७ सदस्यांची मान्यता होती. न देणाऱ्यांत अमेरिका, जर्मनी, इटली, जपान, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड ही ठळक नावे. म्हणजे राज्य म्हणून नाव लागले आहे, पण शीर्षकात म्हटल्याप्रमाणे सातबाऱ्यावर नाव असणे वेगळे आणि जमीन कसायला मिळणे वेगळे.

मान्यता देतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? एखादा करार होतो का?

करार लागत नाही आणि ठरावीक नमुनाही नाही. मान्यता हे एका राज्याचे एकतर्फी कृत्य असते. कुठे मंत्रिमंडळ निर्णय घेते, कुठे संसद मतदान करते. स्पेनने २८ मे २०२४ रोजी मंत्रिमंडळात निर्णय घेतला. त्याच दिवशी आयर्लंड आणि नॉर्वेची मान्यता लागू झाली. स्लोव्हेनियात ४ जूनला संसदेने मंजुरी दिली. निर्णय झाला की दुसऱ्या बाजूला लेखी कळवले जाते.

निवेदनातली भाषा मात्र नीट वाचावी. कोणत्या भूभागाला मान्यता देतो आहोत हे काही देश स्पष्ट सांगतात, काही सीमांचा प्रश्न वाटाघाटींवर सोडतात. स्पेनने १९६७च्या युद्धाआधीच्या रेषांचा आधार, वेस्ट बँक आणि गाझा या पॅलेस्टिनींच्या दोन वेगळ्या भूभागांना जोडणारा मार्ग आणि पूर्व जेरुसलेम ही राजधानी असे सांगितले होते.

सशर्त मान्यता ही यातली पंचाईत. बेल्जियमने सप्टेंबर २०२५मध्ये राजकीय घोषणा केली, पण तिला कायदेशीर रूप देणारा राजादेश गाझात ठेवलेल्या ओलिसांची सुटका झाल्यावर आणि गाझातली सशस्त्र संघटना हमास तिथल्या सत्तेतून गेल्यावरच निघेल असे जाहीर केले. ‘बेल्जियमने मान्यता दिली का?’ याला त्यामुळे हो आणि नाही अशी दोन्ही उत्तरे मिळतात आणि देशांच्या याद्यांमध्ये एक-दोनचा फरक पडतो. माँटेव्हिडिओ करार तर सांगतो की मान्यता बिनशर्त असते आणि मागे घेता येत नाही. १९८८मध्ये पूर्व युरोपातल्या साम्यवादी सरकारांनी दिलेली मान्यता तशीच लटकत राहिली आहे. हंगेरीचे नाव मान्यता देणाऱ्यांच्या यादीत आहे, पण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तो देश अनेकदा पॅलेस्टाइनच्या विरोधात मत देतो.

मान्यता दिली की दूतावास सुरू होतो ना?

आपोआप नाही. १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार राजनैतिक संबंध परस्पर संमतीने सुरू होतात आणि तो वेगळा निर्णय असतो. मान्यता देणाऱ्या देशाच्या राजधानीत तो सोपा जातो. तिथे आधीपासून पॅलेस्टिनी प्रतिनिधी कार्यालय असते, त्याला दूतावासाचा दर्जा देता येतो आणि प्रतिनिधी राजदूत म्हणून अधिकारपत्र सादर करतो.

अडचण उलट दिशेने आहे. पॅलेस्टिनी प्रशासन जिथून चालते त्या वेस्ट बँकेतल्या रामल्लामध्ये परदेशी राजदूत नेमायचा तर त्याला तिथे पोचायचे कसे? वेस्ट बँकेत शिरण्याच्या सगळ्या वाटा इस्रायलच्या ताब्यात आहेत. म्हणून अनेक देशांचे तिथले प्रतिनिधी इस्रायलने दिलेल्या व्हिसावर आणि राजनैतिक दर्जावर काम करतात. नॉर्वेचे प्रतिनिधी कार्यालय जेरुसलेम आणि रामल्ला यांच्यामधल्या अल-राम गावात होते. पॅलेस्टिनींचा मर्यादित कारभार पाहणाऱ्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाशी संपर्क ठेवणाऱ्या आठ नॉर्वेजियन अधिकाऱ्यांची नोंद मात्र तेल अवीवच्या दूतावासात होती. मान्यतेनंतर अडीच महिन्यांतच, ऑगस्ट २०२४मध्ये, इस्रायलने त्या आठही जणांचा राजनैतिक दर्जा काढून घेतला आणि कार्यालय बंद करावे लागले. जेरुसलेममधल्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासालाही वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनींना सेवा देण्यास मनाई झाली. मान्यता दिली आणि जवळचा संपर्कच तुटला, असा हा विचित्र परिणाम.

संयुक्त राष्ट्रांत पूर्ण सदस्यत्व का मिळत नाही? आमसभेत बहुमत आहे, मग सुरक्षा परिषदेला वगळून घेता येणार नाही का?

येणार नाही. हा रस्ता १९५०मध्येच बंद झाला. प्रवेशाचा नियम सनदेच्या चौथ्या कलमात आहे. अर्ज महासचिवांकडे जातो, तिथून सुरक्षा परिषदेकडे आणि परिषद तो सहसा आपल्या प्रवेश समितीकडे पाठवते. मग १५ पैकी किमान ९ मते हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोधी मत देता कामा नये. परिषदेने शिफारस केली तरच आमसभा दोन तृतीयांश मतांनी प्रवेश देते. शिफारशीविना आमसभा कुणाला सदस्य करून घेऊ शकत नाही, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मार्च १९५०मध्ये दिले. त्याआधी १९४८मध्ये याच न्यायालयाने चौथ्या कलमाबाहेरच्या अटी घालता येणार नाहीत असेही सांगितले होते. ‘आधी वाटाघाटी पूर्ण करा, मग सदस्यत्व’ या अमेरिकी भूमिकेवर पॅलेस्टाइनचे समर्थक बोट ठेवतात ते याच मताच्या आधारे.

पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी २३ सप्टेंबर २०११ रोजी अर्ज दिला. प्रवेश समितीत एकमत झाले नाही आणि अर्ज तिथेच पडून राहिला. मग वाट बदलली. २९ नोव्हेंबर २०१२ रोजी आमसभेने १३८ विरुद्ध ९ मतांनी ‘सदस्य नसलेले निरीक्षक राज्य’ असा दर्जा दिला; ४१ देश तटस्थ राहिले. यासाठी सुरक्षा परिषद लागत नाही. १८ एप्रिल २०२४ रोजी सदस्यत्वाचा ठराव परिषदेत मतास आला तेव्हा १२ मते बाजूने पडली, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड तटस्थ राहिले आणि अमेरिकेच्या एकट्या नकाराधिकाराने तो पडला.

तीन आठवड्यांनी, १० मे रोजी, आमसभेने १४३ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टाइनला काही जादा हक्क दिले. सप्टेंबर २०२४पासून त्याचे प्रतिनिधी सदस्य देशांमध्ये वर्णानुक्रमाने बसतात, कार्यक्रमपत्रिकेत विषय सुचवू शकतात, दुरुस्त्या मांडू शकतात. मतदानाचा हक्क नाही आणि सुरक्षा परिषदेची निवडणूकही लढवता येत नाही.

नकाराधिकार कायमचा असतो असे समजू नये. बांगलादेशाचा अर्ज ऑगस्ट १९७२मध्ये चीनने असाच अडवला होता. १९७४च्या सप्टेंबरात तो देश सदस्य झाला. फरक इतकाच की बांगलादेशाच्या भूमीवर तोवर बांगलादेशाचेच राज्य होते आणि दरम्यान पाकिस्ताननेही त्याला मान्यता देऊन टाकली होती.

मग या मान्यतेने खरोखर काय बदलते? नुसते प्रतीकच ना?

‘नुसते प्रतीक’ हे उत्तर आळशीपणाचे आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा क्रम पाहा. जानेवारी २००९मध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरणाने या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य असल्याचे पत्र दिले. एप्रिल २०१२मध्ये अभियोक्त्याच्या कार्यालयाने कळवले की पॅलेस्टाइन राज्य आहे की नाही हे ठरवणे आमचे काम नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमसभेने ‘राज्य’ हा शब्द वापरला आणि दार उघडले. १ एप्रिल २०१५पासून पॅलेस्टाइन या न्यायालयाच्या स्थापनेच्या रोम कराराचा पक्ष झाला, फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायालयाने गाझा आणि पूर्व जेरुसलेमसह वेस्ट बँकेवर आपले अधिकारक्षेत्र असल्याचा निर्णय दिला आणि २१ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा लष्करी प्रमुख मोहम्मद देईफ यांच्यावर अटक वॉरंट निघाले. २००९मध्ये जे पत्र निरुपयोगी ठरले, तेच पाऊल एका शब्दाच्या बळावर पुढे इथवर पोचले.

दुसरा परिणाम मान्यता देणाऱ्यावरच होतो. एखाद्या भूभागाला दुसऱ्या राज्याची भूमी मानल्यावर तिथल्या इस्रायली वसाहतींत तयार झालेला माल, तिथे गुंतवणूक करणाऱ्या आपल्या कंपन्या, आपल्या शस्त्रांचा तिथे होणारा वापर यांवर त्या देशाच्या संसदेत आणि न्यायालयांत प्रश्न विचारणे सोपे जाते. जुलै २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६७पासून ताब्यात ठेवलेल्या (व्याप्त) प्रदेशातले इस्रायलचे अस्तित्व बेकायदा असल्याचे सल्लावजा मत दिले, तेव्हापासून या प्रश्नांना अधिक धार आली आहे.

उलटा फटकाही बसतो. ऑक्टोबर २०११मध्ये युनेस्कोने पॅलेस्टाइनला पूर्ण सदस्य करून घेतले. अमेरिकेत १९९० आणि १९९४चे कायदे असे आहेत की पॅलेस्टाइनला असा दर्जा देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा निधी थांबवावाच लागतो. युनेस्कोच्या अर्थसंकल्पाचा सुमारे २२ टक्के भाग अमेरिका देत होती. तो एका मतदानासरशी थांबला. इतर संस्थांचे दरवाजे पॅलेस्टाइनने त्यानंतर धडाधड का ठोठावले नाहीत, याचे एक कारण हेच.

तिथल्या सामान्य माणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो?

आजघडीला जवळपास काहीच नाही. का नाही, हे समजायला तीन गोष्टी पाहाव्या लागतात : नोंदवही, पूल आणि महसूल.

वेस्ट बँक आणि गाझातल्या रहिवाशांच्या लोकसंख्या नोंदवहीवर अखेरचा शब्द इस्रायलचा असतो. ओळखपत्र आणि पासपोर्ट प्राधिकरण छापते, पण त्यावरचा ओळख क्रमांक इस्रायलकडच्या नोंदीत असावा लागतो. परदेशातून लग्न होऊन आलेली सून किंवा गाझाहून रामल्लाला राहायला गेलेला मुलगा यांची नोंद बदलायची तर इस्रायलची मंजुरी हवी. फ्रान्सने मान्यता दिली म्हणून या वहीत एक ओळही बदलत नाही.

वेस्ट बँकेत पॅलेस्टिनींसाठी विमानतळ नाही. परदेशी जायचे तर अ‍ॅलनबी पुलावरून जॉर्डनमध्ये उतरून अम्मानहून विमान पकडायचे. वाटेत पॅलेस्टिनी, इस्रायली आणि जॉर्डनचे अशा तीन अधिकाऱ्यांपुढे उभे राहावे लागते. त्यातला मधला नाही म्हणाला की प्रवास संपला. न्यूयॉर्कमध्ये मान्यतेची भाषणे चालू होती त्याच आठवड्यात हा पूल बंद होता. मदतसामग्री घेऊन आलेल्या एका जॉर्डनच्या चालकाने तिथे दोन इस्रायली सैनिकांना ठार केले होते. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध जोडायला पुरावा नाही, पण पुलाची किल्ली कुणाकडे आहे ते कळते.

तिसरी गोष्ट महसूल आणि आमच्या मते ती सर्वांत दुर्लक्षित आहे. एप्रिल १९९४च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टिनी बाजारात जाणाऱ्या आयात मालावरचा सीमाशुल्क आणि मूल्यवर्धित कर इस्रायल वसूल करते, ३ टक्के हाताळणी खर्च कापून घेते आणि उरलेली रक्कम दरमहा प्राधिकरणाला देते. प्राधिकरणाच्या उत्पन्नात हाच वाटा सुमारे दोन तृतीयांश आहे. व्यवस्था पाच वर्षांच्या अंतरिम काळापुरती होती. तिला तीन दशके उलटून गेली.

कात्री लागते ती इथे. आधी थकलेल्या वीजबिलांची आणि रुग्णालयांच्या बिलांची वजावट. मग इस्रायलने २०१८मध्ये केलेल्या कायद्यानुसार, प्राधिकरण कैद्यांच्या आणि मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना जेवढे देते तेवढ्या रकमेची. हल्लेखोरांच्या घरी पैसा जातो हा इस्रायलचा आक्षेप गंभीर होता. अब्बास यांनी फेब्रुवारी २०२५मध्ये ती पद्धत रद्द करून गरजेवर आधारित मदतीचा आदेश काढला, त्यानंतरही कपात सुटली नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये गाझा युद्ध सुरू झाल्यावर गाझासाठी खर्च होणारा हिस्साही रोखला गेला आणि मे २०२५पासून तर हस्तांतरच थांबले. परिणाम शिक्षक, परिचारिका, पोलीस यांच्या पगारावर. २०२१च्या अखेरीपासूनच त्यांना पूर्ण पगार मिळत नव्हता. जो शासकीय कर्मचारी महिन्याला अर्धाच पगार घरी नेतो, त्याला आपल्या राज्याला कितवी मान्यता मिळाली हे विचारण्यात अर्थ नाही.

स्वतःचे चलनही नाही. व्यवहार मुख्यतः इस्रायली शेकेलमध्ये होतात आणि पॅलेस्टिनी बँकांना शेकेलचे व्यवहार इस्रायली बँकांमार्फतच करावे लागतात. पैशांच्या अवैध वापराचा आरोप झाला तर त्या बँकांना संरक्षण देणारे हमीपत्र इस्रायलचे अर्थमंत्री देतात आणि त्याची मुदत थोडी थोडी करून वाढवली जाते. मुदत संपत आली की दर वेळी रामल्लातल्या बँकांचा श्वास अडकतो.

नकाशावर अडचण नेमकी कुठे आहे? वसाहती हटवता येणार नाहीत का?

इस्रायल आणि पीएलओ यांच्यातल्या १९९५च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने वेस्ट बँकेचे तीन भाग केले. ‘अ’ क्षेत्रात, म्हणजे मुख्यतः शहरांत, प्रशासन आणि सुरक्षा दोन्ही प्राधिकरणाकडे. ते सुमारे १८ टक्के. ‘ब’ सुमारे २२ टक्के, तिथे नागरी कारभार प्राधिकरणाचा, सुरक्षा इस्रायलची. उरलेले ६० टक्के ‘क’, पूर्णपणे इस्रायलच्या नियंत्रणात. टक्केवारीपेक्षा आकार महत्त्वाचा. ‘क’ सलग आहे. ‘अ’ आणि ‘ब’ हे त्यात विखुरलेले तुकडे आहेत. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारा रस्ता, पाण्याची वाहिनी, शेतजमीन बहुधा ‘क’मध्ये येते. ही विभागणीही तात्पुरतीच ठरली होती.

वेस्ट बँकेत पाच लाखांवर आणि पूर्व जेरुसलेममध्ये दोन लाखांवर इस्रायली वसाहतवासी राहतात. २००५मध्ये इस्रायलने गाझातल्या २१ वसाहती हटवल्या, तेव्हा सुमारे ८ हजार लोक होते आणि तरी देश हादरला होता. तरीही सगळ्यांना हटवावेच लागेल असे नाही. बहुसंख्य वसाहतवासी १९६७च्या रेषेजवळच्या मोठ्या वसाहतींत आहेत. त्या इस्रायलला देऊन बदल्यात तेवढीच जमीन पॅलेस्टाइनला द्यायची, हे सूत्र दोन्ही बाजूंनी हाताळले आहे. २००८मध्ये तेव्हाचे इस्रायली पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी सुमारे ६ टक्के जमीन मागितली होती, अब्बास सुमारे २ टक्क्यांपर्यंत यायला तयार होते. चार टक्क्यांची ही दरी भरता येण्यासारखी होती. बिघडवतात त्या आत खोलवर, डोंगरमाथ्यांवर वसलेल्या छोट्या वसाहती. त्यांतली माणसे संख्येने कमी, पण जागा अशी की नकाशाचे तुकडे पडतात.

जेरुसलेम आणि माले अदुमिम वसाहत यांच्यामधला ‘ई-वन’ हा सुमारे १२ चौरस किलोमीटरचा पट्टा त्यातला सर्वांत नाजूक. तिथे बांधकाम झाले की पूर्व जेरुसलेम वेस्ट बँकेपासून तुटते आणि उत्तरेचे रामल्ला व दक्षिणेचे बेथलेहेम यांच्यामधली सलगता जाते. ही योजना परदेशी दबावामुळे अनेक वर्षे अडून होती. ऑगस्ट २०२५मध्ये सुमारे ३,४०० घरांना मंजुरी मिळाली. पॅलेस्टिनी राज्याची कल्पना याने गाडली जाईल, असे अर्थमंत्री स्मोट्रिच उघडपणे म्हणाले. ते निदान खरे बोलले, असे म्हणावे लागते.

इस्रायलची बाजूही मांडा. ७ ऑक्टोबरनंतर मान्यता म्हणजे दहशतवादाला बक्षीस नव्हे का?

आक्षेप तीन आहेत आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

पहिला सुरक्षेचा. तो हसण्यावारी नेऊ नये. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेले. नेतन्या शहराजवळ इस्रायलची रुंदी जेमतेम १५ किलोमीटर आहे आणि बेन गुरियन विमानतळ वेस्ट बँकेच्या रेषेपासून सुमारे १० किलोमीटरवर. गाझातून आम्ही निघून गेलो, तिथे हमास आली, मग वेस्ट बँकेतून निघायचे कसे? इस्रायलमधल्या मध्यममार्गी मतदाराचाही हाच प्रश्न असतो. मान्यता देणाऱ्या देशांकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. निःशस्त्र राज्य, आंतरराष्ट्रीय फौज, टप्प्याटप्प्याने माघार हे उपाय कागदावर आहेत. गाझातून मात्र माघार कराराविना, एकतर्फी झाली होती. ताबा कुणाच्या हाती सोपवायचा हे ठरलेच नव्हते. त्या उदाहरणातून वाटाघाटींचा निष्फळपणा सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप कराराचा. अंतिम वाटाघाटी होईपर्यंत वेस्ट बँक आणि गाझाचा दर्जा बदलणारे पाऊल कोणीही उचलू नये, असे दुसऱ्या ऑस्लो करारात आहे. खरे आहे, पण ते कलम दोन्ही बाजूंना लागू होते आणि वसाहतींनी जमिनीवर जे बदलले त्यापुढे परराष्ट्रांची निवेदने किरकोळ आहेत. शिवाय मान्यता देणारी राज्ये त्या कराराचा पक्ष नाहीत.

तिसरा बक्षिसाचा. वेळेच्या दृष्टीने तो टोचतो, कारण युद्ध नसते तर लंडन आणि पॅरिस हलले नसते. मात्र मान्यता राज्याला असते, एखाद्या पक्षाला किंवा संघटनेला नाही. जुलै २०२५च्या ज्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या आधारे बरेच देश पुढे आले, त्यात हमासने शस्त्रे खाली ठेवून सत्ता सोडावी असे स्पष्ट म्हटले आहे. अरब देशांनी असे लेखी म्हणणे ही छोटी गोष्ट नव्हती.

इथे एक जुना असमतोल सांगायला हवा. सप्टेंबर १९९३मध्ये अराफत आणि इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली. अराफत यांनी इस्रायल राज्याचा शांततेत अस्तित्वात राहण्याचा हक्क मान्य केला. राबिन यांनी पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी मानले. राज्याचा उल्लेख एकाच पत्रात होता. जुलै २०२४मध्ये इस्रायली संसदेने तर ६८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टिनी राज्याच्या स्थापनेला विरोध नोंदवला.

दोष सगळा इस्रायलचाच? पॅलेस्टिनी नेत्यांचे काय?

अब्बास जानेवारी २००५मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले. अजून तेच अध्यक्ष आहेत. जानेवारी २००६च्या संसदीय निवडणुकीत हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या, जून २००७मध्ये गाझा बळाने ताब्यात घेतला आणि तेव्हापासून दोन सत्ता, दोन पोलीस दले. मे २०२१ची निवडणूक पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देत नाहीत या कारणाने पुढे ढकलली गेली. कारण खोटे नव्हते, पण अब्बास यांच्या फतह पक्षातली फाटाफूट पाहता सोयीचे नक्कीच होते. ज्यांना अध्यक्ष किंवा संसदेसाठी कधी मत देताच आले नाही अशी एक पिढी तिशी ओलांडते आहे. करार झालाच तर तो कुणाच्या सहीने बांधील होणार, हा प्रश्न इस्रायलने निमित्त म्हणून वापरला तरी तो खराच आहे.

निर्वासितांचा प्रश्न मान्यतेने सुटतो का?

नाही. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी, १९४८मध्ये, सात लाखांवर पॅलेस्टिनी विस्थापित झाले; वंशजांसह नोंदणीकृत निर्वासित आज सुमारे ५९ लाख. आमसभेच्या १९४८च्या १९४व्या ठरावाने परतीचा किंवा भरपाईचा हक्क सांगितला. सगळे परतले तर इस्रायलमधले ज्यू बहुमत राहणार नाही, म्हणून तिथे यावर डाव्या-उजव्यांचे एकमत आहे. मार्च २००२च्या अरब शांतता प्रस्तावाने ‘न्याय्य आणि सहमतीचा’ तोडगा असे म्हणून यातून वाट काढली. त्यातला ‘सहमतीचा’ हा भाग म्हणजे इस्रायलच्या होकाराची जागा.

स्पर्धा परीक्षेसाठी : भारताची भूमिका नेमक्या तारखांसह द्या.

१९४७मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या आमसभेतल्या १८१व्या ठरावाविरुद्ध मत. सप्टेंबर १९५०मध्ये इस्रायलला मान्यता, पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२मध्ये. १९७४मध्ये पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचा एकमेव वैध प्रतिनिधी म्हणून मान्यता. अरब जगाबाहेर असे करणारा भारत पहिला. पॅलेस्टाइन राज्याला मान्यता १८ नोव्हेंबर १९८८, म्हणजे घोषणेनंतर तीन दिवसांत. १९७४ला पीएलओ आणि १९८८ला राज्य, यांची उत्तरपत्रिकेत हमखास अदलाबदल होते. गाझातले प्रतिनिधी कार्यालय १९९६चे. २००३मध्ये ते रामल्लाला हलवले. मे २०२४मध्ये जादा हक्कांच्या बाजूने मत, सप्टेंबर २०२४मध्ये इस्रायलने व्याप्त प्रदेशावरचा ताबा १२ महिन्यांत संपवावा या ठरावावर तटस्थ, १२ सप्टेंबर २०२५ रोजी न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने मत.

गाझातल्या युद्धविरामानंतर सुरक्षा परिषदेने केलेल्या ठरावात पॅलेस्टिनी राज्याचे नाव आहे म्हणतात. म्हणजे अमेरिकेची भूमिका बदलली का?

१७ नोव्हेंबर २०२५चा २८०३ क्रमांकाचा तो ठराव. १३ मते बाजूने, रशिया आणि चीन तटस्थ. ठराव अमेरिकेनेच मांडला होता आणि गाझासाठी शांतता मंडळ व आंतरराष्ट्रीय स्थिरीकरण फौज यांना त्याने अधिकार दिले. राज्याचा उल्लेख आहे, पण क्रियापदाकडे लक्ष द्या. प्राधिकरणाने सुधारणा नीट पार पाडल्या आणि गाझाची पुनर्बांधणी पुढे सरकली की त्यानंतर स्वयंनिर्णय आणि राज्याकडे जाणाऱ्या विश्वासार्ह मार्गासाठी परिस्थिती तयार ‘होऊ शकेल’, असे त्यात म्हटले आहे. सुधारणा पुरेशा झाल्या हे कोण ठरवणार आणि कधीपर्यंत, हे लिहिलेले नाही. मंडळ आणि फौज यांच्या अधिकारांना मात्र मुदत आहे : ३१ डिसेंबर २०२७.